पिकअप वाहनासाठी बदली शॉक अब्सॉर्बरची निवड : चारठाणा परिसरातील रस्त्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव मध्ययुगीन मंदिरांच्या अवशेषांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. गावाच्या आजच्या अर्थजीवनाचा आधार मात्र शिवारात पिकणारा कापूस, सोयाबीन व तूर हाच होय. हा माल शेतातून जिंतूर, सेलू किंवा मंठा येथील बाजारात पोहोचविण्याचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे. आता ते ट्रॅक्टर आणि बोलेरो पिकअपसारखी मालवाहू वाहने करतात. महानगरात रस्ता सोडून वाहन चालविणे ही हौस मानली जाते. येथे ती सुगीच्या दिवसांतील रोजची गरज आहे. अशा वाहनाचे जे भाग लवकर झिजतात त्यांत शॉक अब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘शॉकअप’, याचा क्रम वरचा लागतो. तो बदलण्याची वेळ आली की ‘जरा हेवी टाका’ एवढ्या एका वाक्यावर निर्णय होतो. हा निर्णय बहुधा चुकीचा का ठरतो आणि तो कोणत्या निकषांवर घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शॉक अब्सॉर्बर भार पेलत नाही :

‘धक्का शोषणारा’ हे नावच मुळात दिशाभूल करणारे आहे. धक्का प्रथम टायर आणि पाटे झेलतात. वाहनाचे व मालाचे वजनही पाटेच पेलतात. शॉक अब्सॉर्बरचे कार्य त्यानंतर सुरू होते. दाबला गेलेला पाटा उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही आंदोलने लवकर शमविणे एवढेच त्याचे काम, म्हणून शास्त्रीय परिभाषेत त्यास अवमंदक म्हणतात. नळीतील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल झडपांच्या बारीक छिद्रांतून जाते आणि गतिज ऊर्जेची उष्णता होते. स्थिर उभ्या वाहनात सामान्य शॉक अब्सॉर्बर जवळजवळ काहीच उचलून धरीत नाही. वायुभरित प्रकारात दट्ट्यादांड्यावर थोडा दाब असतो, पण भाराच्या तुलनेत तो नगण्य होय.

यावरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. मागची बाजू खाली बसली असेल तर दोष पाट्यांत किंवा भारात शोधावयास हवा. नवे शॉक अब्सॉर्बर बसवून वाहनाची वहनक्षमता वाढत नाही आणि कायद्याच्या दृष्टीनेही ती वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ अन्वये जादा भारासाठी २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

भरलेले आणि रिकामे वाहन :

मालवाहू पिकअपचा खरा प्रश्न असा की, ते एकच वाहन नसते. जाताना ते भरलेले असते, येताना रिकामे. या दोन्ही अवस्थांना एकच शॉक अब्सॉर्बर पुरवावा लागतो. एकही हेलकावा न होता पाटा मूळ स्थितीवर यावा यासाठी लागणाऱ्या किमान अवमंदनास क्रांतिक अवमंदन म्हणतात. त्याचे सूत्र २ × √(ताठरता × वस्तुमान) असे आहे. प्रत्यक्षातील अवमंदन या मूल्याच्या किती पट आहे, तो आकडा म्हणजे अवमंदन गुणोत्तर. प्रवासी मोटारींत ते साधारणपणे ०.२ ते ०.४ च्या दरम्यान ठेवतात.

गणिताच्या सोयीसाठी असे मानू की, पिकअपच्या मागील एका चाकावर रिकाम्या स्थितीत ३०० किलो आणि भरलेल्या स्थितीत ९०० किलो वस्तुमान येते. भार वाढला की खालचे मदतनीस पाटेही कामाला लागतात. त्यामुळे ताठरता दुप्पट झाली असे धरले तर क्रांतिक अवमंदन √६ म्हणजे सुमारे २.४५ पट होते. रिकाम्या वाहनात ०.४ असणारे गुणोत्तर भरलेल्या वाहनात ०.१६ पर्यंत घसरते. गाडी हेलकावे खाते, अशी तक्रार येते ती येथून. आता उलट बाजू पाहू. भरलेल्या वाहनात ०.४ मिळावे म्हणून कडक शॉक अब्सॉर्बर घेतला, तर तेच गुणोत्तर रिकाम्या वाहनात ०.९८ होते. म्हणजे परतीच्या वाटेवर पाटा उसळायला जवळजवळ मोकळीकच उरत नाही. खड्ड्यात चाक वेळेवर खाली उतरत नाही, जमिनीवरील पकड सुटते आणि नेमक्या त्याच क्षणी ब्रेक लावला तर चाक घसरते. लागोपाठ खड्डे आले तर पाटा प्रत्येक वेळी थोडा थोडा दबलेलाच राहतो आणि अखेरीस आस रबरी अटकावावर आदळू लागतो. ‘हेवी’ बसवूनही गाडी आदळते, याचे कारण अनेकदा हेच असते.

मधला मार्ग भरलेल्या स्थितीत ०.२५ व रिकाम्या स्थितीत ०.६ च्या आसपास पडतो. येथे पाट्यांचे आपापसांतील घर्षणही जमेस धरावे लागते, कारण तेही थोडे अवमंदन करते. पाटे गंजून जाम झाले असतील तर हे घर्षण इतके वाढते की लहान धक्क्यांना पाटा हलतच नाही आणि दोष मात्र शॉक अब्सॉर्बरच्या माथी मारला जातो. म्हणून खरेदीपूर्वी पाटे उघडून साफ करणे हा पैशांचाही विचार आहे.

कापूस आणि सोयाबीन यांचा भेदही नोंदविण्यासारखा आहे. सोयाबीनच्या पोत्यांचे वजन हौद्यात खाली राहते. मोकळा कापूस मात्र हलका असूनही उंच रचला जातो, त्यामुळे गुरुत्वमध्य वर सरकतो. वाहन वजनाने भरलेले नसते, पण वळणावर व आडव्या उतारावर डोलते. अशा डोलण्याची गती मंद असते. म्हणून दट्ट्याच्या मंद गतीला चांगला विरोध आणि अचानक धक्क्याच्या जलद गतीला मोकळी वाट देणारी झडपरचना येथे उपयोगी पडते. केवळ ‘कडक’ या शब्दात हा भेद मावत नाही.

जमीन, चिखल आणि उष्णता :

या भागातील काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाणंद रस्त्यावर पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत वाळून दगडासारख्या होतात. शेतरस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. परंतु पाणंदीवर मुरूम पडला म्हणजे शॉक अब्सॉर्बरचे काम संपले असे नव्हे. मुरमाच्या रस्त्यावर रहदारीने आडव्या लाटा उमटतात. दोन लाटांत ८० सेंटिमीटर अंतर असेल आणि वाहन ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर चाकाला सेकंदाला साडेबारा धक्के बसतात. चाक व आस यांची स्वाभाविक वारंवारता याच्याच आसपास असते. तेल तापते, पातळ होते आणि त्यात हवा मिसळली तर फेस धरते. मग काही किलोमीटरनंतर शॉक अब्सॉर्बर असून नसल्यासारखा होतो. थंड झाल्यावर तो पुन्हा ठीक वाटतो, त्यामुळे गॅरेजमध्ये हा दोष सापडत नाही.

येथे रचनेची निवड येते. दुहेरी नळीच्या प्रकारात आतील नळीत दट्ट्या फिरतो व बाहेरील नळी तेलाचा साठा ठेवते. तो स्वस्त, टिकाऊ आणि दगडाचा मार सोसणारा आहे, मात्र उष्णता बाहेर टाकण्यात मंद असतो. त्यात कमी दाबाचा नायट्रोजन भरल्यास फेस पुष्कळ आटोक्यात येतो. एकेरी नळीच्या प्रकाराचा पाया फ्रान्समधील संशोधक बूर्सिये द कार्बाँ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास घातला. त्यात तेल व उच्च दाबाचा वायू तरत्या दट्ट्याने वेगळे ठेवलेले असतात. तो लवकर थंड होतो आणि दीर्घकाळ एकसारखे काम करतो. परंतु त्याची बाहेरची भिंत हीच दट्ट्याची वाट असल्याने दगडाने साधी पोचट पडली तरी दट्ट्या अडकतो. थार बाळगणारे हौशी चालक परदेशी बनावटीचे असे महाग संच बसवितात, व त्यांच्या वापरासाठी ते योग्यही आहेत. शेतमाल वाहणाऱ्या पिकअपला मात्र मोठ्या व्यासाचा, दुहेरी नळीचा, कमी दाबाने वायुभरित शॉक अब्सॉर्बर अधिक सोयीचा ठरतो. तालुक्याच्या गावी त्याचा जोड मिळणे, हीही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट आहे.

जुन्या शॉक अब्सॉर्बरची नळी कापून, तेल भरून पुन्हा झाळून देण्याची पद्धत ग्रामीण भागात आढळते. सुगीच्या तोंडावर ती समजण्यासारखी असली तरी झिजलेल्या झडपा व खरवडलेला दांडा तसाच राहतो आणि भरलेल्या तेलाची श्यानता कोणालाच माहीत नसते. चार दिवसांची नड भागविण्यापलीकडे तिचा भरवसा धरू नये.

लांबीचे माप :

ताठरतेइतकीच महत्त्वाची, परंतु सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे लांबी. जादा पाटा घालून किंवा लांब शॅकल लावून वाहन उंच केले असेल, तर मूळ मापाचा शॉक अब्सॉर्बर खड्ड्यात पूर्ण ताणला जातो. मग आस लोंबकळण्याचा सारा झटका त्याच्या टोकांवर येतो, आणि टोकाचे कडे तुटते किंवा चासीवरील कान फाटतो. उलट, लांब शॉक अब्सॉर्बर आणला तर आस रबरी अटकावाला टेकण्यापूर्वीच तो आतून संपतो व तळ फुटतो. यासाठी दोन मापे घ्यावीत : आस अटकावाला टेकली असताना वरच्या व खालच्या बोल्टमधील अंतर आणि चाक पूर्ण लोंबते असतानाचे अंतर. नव्या शॉक अब्सॉर्बरची मिटलेली लांबी पहिल्यापेक्षा कमी व उघडलेली लांबी दुसऱ्यापेक्षा अधिक असावी. दोन्हीकडे दोन-तीन सेंटिमीटरची सूट ठेवणे बरे.

बदलाची वेळ आणि जोडणी :

बोनेटचा कोपरा दाबून गाडी किती वेळा हलते हे पाहण्याची चाचणी मोटारीस ठीक आहे. ताठ पाट्यांच्या पिकअपमध्ये ती फारसे सांगत नाही. नळीवर तेलाचा केवळ ओलसर थर दिसणे हा दोष नव्हे. तेल ओघळून त्यावर मातीचा जाड लेप बसला असेल तर सील गेले असे समजावे. टायरवर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडल्यासारखी झीज हेही एक लक्षण आहे. आणखी एक साधी परीक्षा आहे. खराब रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर आल्यावर हात भाजणार नाही अशा बेताने चारही नळ्या चाचपून पाहाव्यात. एकाच आसावरील दोन नळ्यांपैकी जी थंड आहे ती काम करीत नाही, कारण काम झाले असते तर उष्णता निर्माण झाली असती.

एका आसावरील दोन्ही शॉक अब्सॉर्बर एकत्रच बदलावेत. दुहेरी नळीचा नवा शॉक अब्सॉर्बर आडव्या अवस्थेत पडून राहिल्याने त्याच्या आतील नळीत हवा शिरलेली असते. वायुभरित नसलेला प्रकार उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण उघडमीट केल्यास ती निघून जाते. वाहन जॅकवर, चाके लोंबती असताना बोल्ट घट्ट केले तर चाक जमिनीवर येताच रबरी बुश पिळला जातो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. म्हणून बोल्ट केवळ अडकवून वाहन खाली घ्यावे, हौद्यात नेहमीच्या निम्मा भार ठेवावा आणि मगच ते आवळावेत.