टारचे गाठोडे

१९७९च्या युनिक्समधली ‘टार’ ही आज्ञा फायलींचे गाठोडे बांधून चुंबकीय टेपवर ठेवण्यासाठी होती. ते दाबून लहान करण्याचे काम पुढे जीझिप, बीझिप२ करू लागले. सोडताना मात्र कोणी दाबले ते वापरणाऱ्यानेच सांगायचे: ‘झेड’ की ‘जे’? खरे तर जीझिप फाइलचे पहिले दोन बाइट ठरलेलेच असतात; विचारायची गरजच नव्हती! ग्नू टार ते ओळखू लागले २००४मध्ये, १.१५ आवृत्तीत.

खरा धोका वेगळाच. गाठोड्यात सगळ्या फायलींना सामावणारी एक डिरेक्टरी नसेल, तर शेकडो फायली चालू डिरेक्टरीत विखुरतात आणि त्याच नावाच्या जुन्या फायली जातात. १.२८ आवृत्तीपासून सर्व काही एकाच डिरेक्टरीत सोडणारा पर्याय आहे. पण तो आपणहून लागू होत नाही, हे मला पटत नाही.