सोरायसिसची लोकसंख्येतील व्याप्ती : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात

प्रस्तावना

सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकालीन, असांसर्गिक विकार होय. प्रतिकारयंत्रणेतील बिघाडामुळे त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा फार वेगाने वाढतात. कोपर, गुडघे, टाळू आदी ठिकाणी लालसर चट्टे उमटून त्यांवर चंदेरी खवले दिसतात. काही रुग्णांचे सांधेही सुजतात. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने या विकाराविषयी ठराव संमत केला. सर्वसामान्य लोकसंख्येत हा विकार किती जणांना असतो व ते कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपलब्ध आकडे

डोगरा व यादव यांनी २०१० साली घेतलेल्या आढाव्यानुसार भारतातील व्याप्ती ०.४४ ते २.८ टक्के आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. हे प्रमाण या लोकसंख्येस लावल्यास रुग्णसंख्या किमान साडेतेरा हजार व कमाल साडेशहाऐंशी हजार येते. दोन्ही टोकांत सहापटीहून अधिक अंतर आहे. एवढ्या अंतरावर औषधांची वा तज्ज्ञांची तरतूद कशी करावी, हा खरा प्रश्न आहे.

अंतराचे कारण

भारतातील बहुतेक आकडे रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेले आहेत. उदाहरणार्थ, कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी किती जणांना सोरायसिस आहे, हे मोजता येईल. परंतु तो आकडा ठाणे शहराचा ठरणार नाही. सौम्य विकार असणारे, घरगुती उपायांवर भागवणारे व लाजेपोटी चट्टे झाकणारे लोक त्यात येत नाहीत. लोकलच्या गर्दीत शेजारचा प्रवासी अंग चोरतो, या भीतीने पूर्ण बाह्यांचे कपडे वापरणारा रुग्ण गणनेतूनही निसटतो. भारतीय रुग्णालयांत पुरुष रुग्ण स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळतात. जागतिक पातळीवर मात्र दोहोंतील प्रमाण साधारण सारखे मानले जाते. म्हणजे हा फरक काही अंशी रोगाचा नसून उपचारापर्यंत कोण पोहोचते याचा असू शकतो. शिवाय चट्टे येतात आणि जातात. त्यामुळे ‘आज आहे’ आणि ‘कधीतरी झाला होता’ या दोन गणना वेगळ्या ठेवाव्या लागतात.

उपाय

गुन्नार लोमहोल्ट यांनी फेरो बेटांवरील हजारो रहिवाशांची प्रत्यक्ष तपासणी करून १९६३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याकडेही कुष्ठरुग्ण शोध अभियानात आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन त्वचेवरील चट्टे पाहतात. कुष्ठरोग नसलेल्या संशयितांचे अंतिम निदानही नोंदवले, तर सोरायसिसच्या गणनेस आरंभ होईल.

निष्कर्ष

रुग्णालयातील टक्केवारी म्हणजे लोकसंख्येतील व्याप्ती नव्हे. जो रुग्ण मोजला जात नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. म्हणून गणना घरापासून सुरू होणे आवश्यक आहे.