चाऱ्याचे गवत : दाट लावावे की विरळ?

बाजरी आणि आफ्रिकेतून आलेले हत्तीगवत यांच्या संकरातून जे गवत निर्माण झाले, ते संकरित नेपियर या नावाने ओळखले जाते. तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत ओलिताच्या जमिनीत हिरव्या चाऱ्यासाठी त्याची लागवड होते. बाजरीच्या पेशीत 14 आणि हत्तीगवताच्या पेशीत 28 गुणसूत्रे असतात. संकरात ती 21 होत असल्यामुळे त्याला उगवणारे बी धरत नाही. कांड्या किंवा मुळांसह ठोंब लावावे लागतात. एकदा लावलेले गवत काही वर्षे टिकते. त्यामुळे दोन ठोंबांत किती अंतर ठेवावे, या प्रश्नाच्या उत्तरावर पशुपालकाचा आजचा खर्च आणि पुढील अनेक कापण्या अवलंबून असतात.

ओळींत व ठोंबांत 50 सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी 40,000 ठोंब लागतात. ओळींतील अंतर 100 सेंटिमीटर केले, तर 20,000 पुरतात. ठोंब निम्मे म्हणजे चाराही निम्मा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु वनस्पतीचे गणित निराळे आहे. मोकळी जागा मिळालेल्या ठोंबाला अधिक फुटवे येतात आणि त्याची ताटे जाड होतात. दाटीत फुटवे कमी येतात, ताटे बारीक राहतात आणि सावलीतील खालची पाने वाळून जातात. ऑस्ट्रेलियात सी. एम. डोनाल्ड यांनी 1951 मध्ये आणि जपानमध्ये किरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हेच तत्त्व पुढे आले : एका मर्यादेपलीकडे रोपांची संख्या वाढवली, तरी शेताचे एकूण उत्पन्न जवळजवळ स्थिर राहते. जमीन, पाणी आणि प्रकाश तेवढेच असतात. फक्त वाटेकरी वाढतात.

तथापि, दाट लागवड नेहमीच व्यर्थ असते असे मात्र नव्हे. पहिल्या कापणीपर्यंत विरळ ठोंबांनी जमीन पुरती झाकलेली नसते. मधल्या जागेत तण माजते. त्या वेळी दाट लागवडच सरस ठरते. पुढे फुटवे वाढत गेले, की हा फरक कमी होत जातो.

पिकाचा स्वभावही पाहावा लागतो. चाऱ्याच्या ज्वारीला फुटवे थोडे येतात. म्हणून ती धान्याच्या ज्वारीपेक्षा कितीतरी दाट पेरतात. त्यामुळे ताटे बारीक राहतात आणि जनावरे ती आवडीने खातात. याउलट, पश्चिम राजस्थानच्या कोरड्या जमिनीत अंजन गवताच्या ओळींत पुरेसे अंतर ठेवावे लागते. तेथे वाटणी प्रकाशाची नसून ओलाव्याची असते.

सारांश, सर्व गवतांना लागू पडेल असे एकच अंतर सांगता येत नाही. पाणी मुबलक असून चारा लवकर हवा असेल, तर दाट लागवड करावी. ठोंब विकत घेण्याची ऐपत बेताची असेल, तर ते विरळ लावून मधल्या जागेत चवळी पेरावी. तिच्यामुळे तण दबते आणि जनावरांच्या चाऱ्यात प्रथिनांची भर पडते.