आत्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

‘अंकल’ या एवढ्याशा शब्दात काका, मामा, मावसाजी, आतोबा आणि आमच्या भंडाऱ्याकडचे ‘मोठे बाबा’ असे सगळे बसवायचे म्हणजे एका काळी-पिवळीत अख्खं वऱ्हाड कोंबण्यासारखंच! गेली काही वर्षं मी साकोली तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी मुलींना आणि बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. मी साधी बी.ए., मराठी शाळेतली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून आपल्या राज्यात ते पहिलीपासून आलं, त्यामुळे आजच्या मुलींना स्पेलिंगं बरी येतात. पण नागपूरला नर्सिंगच्या नाही तर नोकरीच्या मुलाखतीत ‘घरच्यांविषयी सांगा’ असं कुणी इंग्रजीत म्हटलं, की गाडी अडते. म्हणून पहिला धडा मी कुटुंबाचाच घेते.

आता ‘ब्रदर-इन-लॉ’ घ्या. भासरा, दीर, मेहुणा, साडू, नंदोई, सगळे तेच! ज्या भासऱ्यासमोर आमच्या सासवांनी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही आणि ज्या दिराची भर मांडवात थट्टा केली, ते दोघे एकाच शब्दात. वर्गातल्या एक काकू म्हणाल्या, ‘‘मंग तर बरंच हाय जी, इंग्रजीत पदरच घ्याचं काम नाई!’’

‘कझिन’चं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे भाऊच, त्याच्याशी लग्नाचा विचारही पाप. पण मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्क, असं कितीतरी समाजांत मानतात. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर पुस्तक लिहिलं, त्यात या चालींचा प्रांतवार अभ्यास आहे. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. उद्या नर्स होणाऱ्या मुलीला पेशंटला ‘नवरा नात्यातला का, कोणत्या नात्यातला’ हे नेमकं विचारावं लागतं. तिथे नुसत्या ‘कझिन’वर भागत नाही. म्हणून मी फोड करून सांगायला लावते: मदर्स ब्रदर्स सन. लांबलचक होतं, पण खरं होतं.

बाळाच्या जन्माचा धडा सगळ्यात रंगतो. पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवतात, हे इंग्रजीत सांगताना एकीने देवीची पार ‘क्लार्क’ करून टाकली! बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून आत्या नाव ठेवते. त्याचं वाक्य एका आठवीतल्या मुलीने केलं, ‘माय फादर्स सिस्टर गेव्ह मी माय नेम.’ मला ते फार आवडलं. ‘आंटी’ म्हटलं असतं तर त्यातली आत्याच गेली असती. (आणि आंटी तर हल्ली भाजीवालासुद्धा म्हणतो.) नाव सांगताना आता आईचंही येतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारने ठरवला. हे कळल्यावर वर्गातल्या आया उगाचच ताठ बसल्या.

लग्नाच्या धड्याला मी एक चित्र दाखवते, पांढऱ्या झग्यातली ख्रिश्चन नवरी. ‘अगं बाई, लग्नात पांढरं?’ एकीने नाक मुरडलं. शेजारची बौद्ध मुलगी लगेच म्हणाली, ‘‘आमच्यात नवरी पांढरीच साडी नेसते.’’ पाठीला पाठ लावलेली घरं, पण हे ठाऊक नव्हतं! मग त्रिशरण-पंचशील काय, मांडवावर जांभळीचे डहाळे का, आंदणात पितळेचा गुंड कशाला, असे प्रश्न मुली एकमेकींना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारत राहिल्या. त्या दिवशी मला फार बोलावंच लागलं नाही.

याच धड्यात एक मुलगी अडली. तिचे वडील ती शाळेत असताना गेले. आईने धानाच्या रोवणीवर जाऊन तिला बारावी केलं. लग्न ठरलंय. तिने वहीत लिहिलं होतं, ‘माय मदर कॅनॉट अप्लाय हळद टू मी.’ मला म्हणाली, ‘‘ताई, माई माय मले हरद लावू शकत नाई, हे बरोबर हाय का जी?’’ मी म्हटलं, व्याकरण बरोबर आहे. पण ‘कॅनॉट’ म्हणजे जमत नाही. तुझ्या आईचे हात तर धड आहेत! ‘नॉट अलाउड’ लिही, म्हणजे परवानगी नाही. तिने खोडून तसं लिहिलं, जरा थांबली आणि विचारलं, ‘‘परवानगी कोन देत नाई पन?’’

वर्ग गप्प. मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडची गोष्ट सांगितली. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एका बाईंनी विचारलं, ‘‘मंग आपल्या गावात काऊन नाई आला तो कागद?’’ आला असेलही. पण ग्रामसभेला बायका किती जातात, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. पुढच्या सभेला आम्ही सात जणी जाणार आहोत.

त्या मुलीच्या वहीत आता तिसरं वाक्य आहे: ‘माय मदर विल अप्लाय हळद फर्स्ट.’ आईला तिने ते मराठीत वाचून दाखवलं. आई रडली म्हणे, आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणाली. होणाऱ्या सासूबाईंना काहीच अडचण नाही. आजीला अजून कुणी सांगितलेलं नाही.