अंतर तेच, वेळ निराळा

श्रोतेहो, पर्थच्या विमानतळावरून लंडनला पोहोचायला किती वेळ लागतो, हा वरवर साधा प्रश्न आज आपण घेऊ.

पर्थ हे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शहर. तेथून लंडन सुमारे १४,५०० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मिळत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरावा. तो ज्या रेषेवर बसेल, ती सर्वांत जवळची वाट. आमची शाळा सातवीतच सुटली. हा धडा आम्ही सार्वजनिक वाचनालयातल्या गोलावर गिरवला.

१९४७ साली सिडनी-लंडन विमानसेवा सुरू झाली. सिडनी पर्थहून आणखी दूर, आणि वाटेत कलकत्ता, कराची असे अनेक थांबे. त्यामुळे प्रवासाला चार दिवस लागत. मार्च २०१८ मध्ये पर्थहून निघालेले विमान कोठेही न उतरता लंडनला गेले. वेळ लागला सुमारे सतरा तास.

परतताना अंतर तेच, वेळ मात्र सहसा कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून अडवतात, येताना पाठीमागून रेटा देतात. एप्रिल २०२४ मध्ये याचे प्रत्यंतर आले. पश्चिम आशियातील तणावामुळे विमानांना इराणवरची वाट टाळावी लागली. वाट लांबली, म्हणून लंडनला जाताना इंधनासाठी सिंगापूरला उतरणे भाग पडले. परतीचे विमान मात्र वाऱ्याच्या जोरावर थेट येऊ शकले.

आता घड्याळाची गंमत पाहा. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ पर्थच्या आठ तास मागे असते. समजा, विमान पर्थहून सायंकाळी सातला निघाले आणि साडेसतरा तास उडाले. लंडनला उतरताना तेथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. दोन भिंतींवरची दोन घड्याळे मानली, तर प्रवास अवघा साडेनऊ तासांचा!

मग विमानात राबणाऱ्याच्या हजेरीपटावर कोणते तास मांडायचे? आम्ही उभा जन्म पाळ्यांचे हिशेब तपासण्यात घालवला, म्हणून हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. उत्तर एकच: शरीराने सोसलेले तास. म्हणूनच या उड्डाणावर चार वैमानिक असतात. ते आळीपाळीने विमान हाकतात आणि विश्रांती घेतात. विमानात निजण्यासाठी वेगळी जागा असते. ही चैन नव्हे. थकलेला डोळा चुकतो, आणि ती चूक साऱ्या प्रवाशांना भोवते.

याच ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ साली काम थांबवून आठ तासांचा दिवस मिळवला होता. विमानाने चार दिवसांचे सतरा तास केले. माणसाची झोप मात्र यंत्राला कमी करता आलेली नाही. तेव्हा, श्रोतेहो, प्रवासाचे तास मोजताना ते कोणी जागून काढले, हेही विचारीत जावे.