परसांतील पेरू व फळमाशी

परसांत आड, आडाशेजारीं तुळशीवृंदावन आणि पलीकडे एखादें पेरूचें झाड, ही ठेवण ज्या घरांत अजून शिल्लक आहे, तेथील मंडळींस पुढील अनुभव नवा वाटणार नाहीं. श्रावणांत नैवेद्यासाठीं म्हणून चांगलें टपोरें फळ निवडून चिरावें, तों आंत पांढऱ्या अळ्या वळवळतांना दिसाव्या! आमच्या घरीं हें लागोपाठ दोन वर्षें घडलें. दुसऱ्या वर्षीं घरांत दोन तट पडले. एक म्हणे, झाड तोडा; दुसरा म्हणे, बाजारांतून जालीम औषध आणून फवारा. झाड आजोबांनीं लाविलेलें, तें तोडण्यास हात धजेना. औषधाविषयीं मात्र आमच्या मातुःश्री स्पष्टच बोलल्या, "ज्या फांदीवर बसून पोरें न धुतां फळ तोंडांत घालतात, तिच्यावर विष शिंपडूं देणार नाहीं. आधीं ही अळी येते कुठून, तें तरी बघा."

आम्ही बघावयास लागलों, आणि जें कळलें त्यानें आमची आम्हांसच लाज वाटली.

ही अळी फळांत आपोआप उपजत नाहीं. घरमाशीएवढीच, तपकिरी अंगाची व त्यावर पिवळ्या खुणा असलेली एक फळमाशी असते. फळ गाभुळूं लागलें कीं तिची मादी शेपटाकडील सुईसारख्या नळीनें सालीखालीं अंडीं घालते. टोंचल्याची खूण इतकी बारीक असते कीं, वरून फळ निर्दोषच दिसतें. एक-दोन दिवसांत अळ्या निघून गर पोखरतात व फळ सडून गळतें. येथपर्यंतचें सर्वांस दिसतें. पुढचें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. पूर्ण वाढलेली अळी गळलेल्या फळांतून बाहेर पडते, मातींत दोन-तीन बोटें खोल शिरून कोश करते, आणि साधारण दहा दिवसांनीं माशी होऊन वर येते. हा सारा फेरा उबदार दिवसांत तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. आणि आम्ही काय करीत होतों? तर रोज सकाळीं गळलेले पेरू, खत होईल म्हणून, त्याच झाडाच्या आळ्यांत लोटीत होतों! शत्रूचें बाळंतपण आमच्याच खर्चानें चाललें होतें.

तेव्हां पहिला उपाय हाच, कीं गळलेलें फळ एक दिवसही झाडाखालीं राहूं देऊं नये. तीं सर्व वेंचून दीड-दोन फूट खोल पुरावींत, अथवा तोंड घट्ट बांधलेल्या पिशवींत पंधरा दिवस ठेवून मग खतांत टाकावींत. आळ्यांतील माती अधूनमधून खुरप्यानें वरवर हालवावी. उघडे पडलेले कोश मुंग्या व पांखरें फस्त करितात. दुसरा उपाय पिशवीचा. फळ लिंबाएवढें झालें कीं त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. ती सैल असावी. फळास चिकटली तर माशी कापडांतूनही टोंचते.

तिसरा उपाय सापळ्याचा, आणि त्यामागील शोध आपल्याच देशांत लागला. बिहारांतील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेंत हाउलेट नांवाचे कीटकशास्त्रज्ञ होते. सिट्रोनेला तेलाकडे फळमाशा ओढल्या जातात व त्या साऱ्या नर असतात, हें त्यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलें; पुढें १९१५ सालीं मिथिल युजेनॉल या द्रव्याची ओढ दाखवून दिली. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा 'रक्षक सापळा' याच तत्त्वावर आहे. तें द्रव्य तुळशीच्या पानांतही असतें, हें ऐकून मातुःश्रींनीं वृंदावनाकडे ज्या अभिमानानें पाहिलें, तो आम्ही विसरणार नाहीं.

परंतु सापळ्यांत नर सांपडतात, मादी नव्हे. एका नरानें अनेक माद्या फळतात; म्हणून झाडाखालची सफाई सोडून केवळ सापळ्यावर विसंबणें व्यर्थ होय. शिवाय माशीस कुंपण ठाऊक नाहीं. शेजारच्या परसांत पेरू सडत असतील, तर आपले श्रम निम्मे वायां जातात. आम्ही शेजाऱ्यांकडे गेलों तेव्हां प्रथम थोडा संकोच झाला. पण आमच्याच चुकीची हकीकत सांगतांच त्यांस हसूं आलें व काम सोपें झालें.

आमच्या घरीं फळें वेंचण्याचें काम मुलांकडे दिलें आहे. ज्यांस पेरू खावयाचे, त्यांनींच सकाळीं शाळेपूर्वीं टोपली भरावी. तिसऱ्या वर्षीं किडकें फळ अगदींच निघालें नाहीं, असें म्हणवत नाहीं. तथापि श्रावणी सोमवारीं देवापुढें घरचा पेरू ठेवतां आला, आणि झाड तोडण्याची गोष्ट पुन्हां कोणीं काढली नाहीं. ज्यांच्या परसांत पेरू आहे, त्यांनीं उद्यां सकाळीं प्रथम झाडाखालीं पाहावें, मग फांद्यांकडे.