बर्फ करडा, सावली निळी

सोलंग किंवा गुलमर्गहून परतलेल्या कुटुंबाचे फोटो पाहताना एक गोष्ट हटकून खटकते. डोळे दिपवणारा तो शुभ्र बर्फ फोटोत मळकट करडा उतरलेला असतो आणि त्यापुढे हसत उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे काळवंडलेले. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. कॅमेरा मात्र त्याला शिकवलेलं गणित चोख सोडवत असतो.

कॅमेऱ्यातला लाइट मीटर समोरून येणारा प्रकाश मोजतो. वस्तू मुळात पांढरी की काळी, हे त्याला कळत नाही. म्हणून समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, असं तो धरून चालतो. छायाचित्रणात मध्यम करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 18 टक्के परत फेकणारा रंग. झाडं, रस्ते, घरं या हिशेबात बऱ्यापैकी बसतात. ताजा बर्फ मात्र 80 ते 90 टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे जवळजवळ पाचपट. मीटरला प्रकाश फार झाल्यासारखं वाटतं, तो एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, उतरवतो आणि बर्फ करडा होतो.

उपाय मनाविरुद्ध वाटेल असा आहे: इतक्या लख्ख उजेडातही एक्स्पोजर वाढवायचं. कॅमेऱ्यावर त्यासाठी अधिक-उणेचं चिन्ह असतं. बऱ्याच मोबाइलमध्ये स्क्रीनवर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह वर सरकवावं लागतं. एक स्टॉप वाढवला, की प्रकाश दुप्पट. पाचपटीचा फरक पुरता भरून काढायला दोनहून थोडे जास्त स्टॉप लागतील, पण तिथेच धोका आहे. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे प्रकाश साठवणारं इवलंसं भांडं. ते काठोकाठ भरलं, की पुढचा प्रकाश सांडून जातो. मग वाऱ्याने बर्फावर उमटवलेल्या लहरी, पावलांच्या कडा, दाणेदार पोत, सगळं सपाट पांढऱ्यात बुडतं आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून मी तरी दीड स्टॉपपासून सुरुवात करायला सांगेन. उन्हात स्क्रीनवर विश्वास ठेवू नये, ती नेहमी अंधारीच दिसते. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, पाहावा. त्यातला उंचवटा उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या कडेला आदळलेला नको.

रंगाचं प्रकरण याहून गोड आहे. उन्हातला बर्फ पांढरा, पण देवदाराच्या सावलीतला बर्फ नीट पाहा. तिथे थेट ऊन पोचत नाही. पोचतो तो निळ्या आकाशाचा प्रकाश. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका तो निळा. भर दुपारचं ऊन साधारण 5,500 केल्विनचं, तर निरभ्र आकाशाचा उजेड 10,000 केल्विन किंवा त्याहूनही वरचा, म्हणजे बराच निळा. बर्फ जवळजवळ सगळेच रंग सारखेच परत फेकतो, त्यामुळे ती निळाई त्यावर जशीच्या तशी उमटते. आपला मेंदू ‘बर्फ पांढराच’ म्हणून ती पुसून टाकतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने मात्र ती पाहिली. त्याच्या 1868-69 मधल्या ‘द मॅगपाय’ या चित्रात कुंपणाची बर्फावरची सावली निळसर आहे. पॅरिसच्या सालों या अधिकृत चित्रप्रदर्शनाने 1869 मध्ये ते चित्र नाकारलं. आज ते ऑर्से संग्रहालयात आहे.

कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्सही मेंदूसारखाच रंग समतोल करू पाहतो. दार्जिलिंगच्या टायगर हिलवरून पहाटे कांचनजंगा केशरी होते, ती वातावरणातून लांबचा प्रवास करताना सूर्यकिरणांतला निळा भाग विखुरला गेल्यामुळे. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा नेमका तोच केशरी रंग फिका करू शकतो. अशा वेळी व्हाइट बॅलन्स ‘सूर्यप्रकाश’ या खुणेवर पक्का करावा, किंवा कॅमेऱ्यात सोय असेल तर रॉ फाइल घ्यावी. रॉमध्ये रंगाचा तोल घरी बसून ठरवता येतो.

उन्हातला बर्फ निळा आला असेल, तर ती चूक आहे, जरूर दुरुस्त करा. सावलीतली निळाई मात्र एडिटिंगमध्ये पुसू नका. ती खरी आहे.